वीज गेल्यावर बाबांनी सांगितलेला शेवट

पत्र थोडक्यात असं:

लिहिणारी वाचक मैत्रीण ४४ वर्षांची आहे. माहेर कराडचं, आता नोकरी आणि संसार पुण्यात. वडील वीज मंडळात होते, मूळचे माण तालुक्यातले. गेल्या कार्तिकात त्यांना हृदयविकाराचा झटका आला आणि तिसऱ्या दिवशी ते गेले. दवाखान्याचं बिल, मृत्यूचा दाखला, दहावा-तेरावा, आईच्या फॅमिली पेन्शनचे कागद हे सगळं हिनंच निभावलं. त्या दिवसांत ती एकदाही रडली नाही.

ती १३-१४ वर्षांची असताना घरी केबल आली आणि बाप-लेक मिळून 'स्टार ट्रेक: द नेक्स्ट जनरेशन' ही मालिका बघू लागले. इंग्रजी तिला निम्मंच कळायचं, उरलेलं बाबा सांगायचे. त्यातच मधे वीज जायची. मग बाबा डब्याच्या झाकणावर मेणबत्ती चिकटवून पुढची गोष्ट मनानं रचून पुरी करायचे. कितीतरी भागांचे खरे शेवट तिनं पाहिलेच नव्हते. त्यातला एक भाग दुष्काळानं होरपळलेल्या ग्रहावर आयुष्य काढणाऱ्या कॅप्टनचा. यंदा श्रावणात एका रात्री तिनं तो ओटीटीवर लावला आणि पहिल्यांदा शेवटपर्यंत पाहिला. बाबांनी सांगितलेला शेवट निराळा होता. पहाटे तीनपर्यंत ती हुंदके देऊन रडली.

गणपतीत भावाकडे सगळे जमले असताना नवऱ्यानं हा किस्सा हसत हसत सांगितला: बाबांसाठी न रडलेली ही बाई त्या टकल्या कॅप्टनसाठी रात्रभर रडली. सगळे हसले. भाऊ तेवढा हसला नाही. निघताना तो म्हणाला, "खरंच ताई, त्या दिवशी तुझ्या डोळ्यांत पाणी नव्हतं." तेव्हापासून तिनं मालिका बघणं बंद केलंय. १५ वर्षांचा मुलगा तर त्या मालिकेला 'पुठ्ठ्याचं अंतराळ' म्हणतो. पुढच्या महिन्यात वर्षश्राद्ध आहे. तिचे प्रश्न तीन: माझ्यात काही बिघडलंय का? भावाची माफी मागू का? आणि या वयात हे वेड सोडून द्यावं का?

प्रिय मैत्रिणी,

तुमचं पत्र मी पेन्सिल हातात घेऊन वाचलं आणि दोन वाक्यांखाली रेघ ओढली. त्यातलं एक पहिल्या पानावर आहे, एक शेवटच्या. त्यांच्याकडे मी येणारच आहे. त्याआधी तुमच्या प्रश्नांच्या पोटात ज्या गोष्टी तुम्ही गृहीत धरल्यात त्या जरा उजेडात धरून बघू.

पत्रात तुम्ही चार ठिकाणी 'खोट्या माणसासाठी रडले' असं लिहिलंय. खोटं म्हणजे काय म्हणायचंय तुम्हाला? माझी आजी चातुर्मासात पोथी ऐकायला जायची. सीतेला वनात सोडल्याचा अध्याय आला की तिचा पदर डोळ्यांना लागायचा, दर वर्षी, त्याच ओवीला. १९१९ साली 'एकच प्याला' रंगभूमीवर आलं, तेव्हापासून सिंधूसाठी रडणाऱ्यांच्या किती पिढ्या झाल्या. घरी येऊन त्यांना कुणी विचारलं नाही की सख्ख्या माणसासाठी इतकं रडला होतात का. आपल्या रसशास्त्रानं शोक हा करुण रसाचा स्थायीभाव मानला. आपल्या आत मुरून बसलेला शोक समोरच्या गोष्टीनं जागा होतो, ही समज आपल्याकडे फार जुनी आहे. सिंधूला जे मिळतं ते तुमच्या त्या मालिकेतल्या कॅप्टन पिकार्डला का मिळू नये? तो इंग्रजी बोलतो आणि यानातून फिरतो म्हणून?

आणि त्या भागातलं सगळंच काही रचलेलं नाही. 'द इनर लाइट' हा भाग अमेरिकेत जून १९९२ मध्ये दाखवला गेला आणि पुढच्या वर्षी त्याला विज्ञानकथांसाठीचा ह्यूगो पुरस्कार मिळाला. ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात सांगते. एका अनोळखी यंत्राच्या किरणानं पिकार्ड बेशुद्ध पडतो आणि डोळे उघडतो ते कटान नावाच्या ग्रहावर. तिथं त्याचं नाव कामिन. समोर बायको आहे, ती म्हणते तुला ताप भरला होता. पाच वर्षं तो आपलं यान शोधत राहतो. मग हळूहळू त्या घरातलाच होतो. त्याला मुलं होतात, तो बासरी शिकतो, मित्राला आणि बायकोला मरताना बघतो, म्हातारा होतो. ग्रह मात्र वाळत चाललेला असतो. तिथल्या माणसांना कळून चुकतं की सूर्यच आपल्याला संपवणार आहे. या कामिनच्या मुलाचं काम करणारा तरुण होता डॅनियल स्टुअर्ट, म्हणजे पिकार्ड साकारणाऱ्या पॅट्रिक स्टुअर्ट यांचा सख्खा मुलगा. तुम्ही त्या रात्री पडद्यावर बाप आणि त्याचं लेकरू एका चौकटीत पाहिलंत, आणि ते दोघे खरोखरच बापलेक होते.

त्याआधीच्या मूळ 'स्टार ट्रेक' मालिकेतल्या स्पॉक या परग्रहवासी पात्राचा हात आठवा, बोटांच्या दोन-दोन जोड्या करून वर धरलेला. तो लेनर्ड निमॉय यांनी आणला. बॉस्टनमधल्या लहानपणी ते घरच्यांबरोबर सिनेगॉगमध्ये गेले होते. आशीर्वादाच्या वेळी वर बघायचं नसतं असं सांगितलेलं असताना त्यांनी चोरून पाहिलं, तर पुरोहितांचे हात तसे जुळलेले. एका मुलानं बापाशेजारी बसून बघितलेली गोष्ट पुढे परग्रहावरच्या माणसाची खूण झाली. अशा मालिकांमध्ये खऱ्या माणसांचं बरंच काही असं शिवून घातलेलं असतं, म्हणूनच ती आपल्याला लागतात. २७ फेब्रुवारी २०१५ ला निमॉय गेल्याची बातमी मी कामाच्या जागी वाचली. जिन्यात जाऊन रडले आणि विचारणाऱ्यांना सांगितलं की डोळ्यात काहीतरी गेलंय. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर रविवारी सकाळी जे पाहिलं होतं, ज्यांच्या शेजारी बसून पाहिलं होतं, ते सगळं त्या जिन्यात आलं होतं. खोटं बोलले याचं मला आजही वाईट वाटतं, रडण्याचं वाटत नाही.

आता दुसरी गृहीत धरलेली गोष्ट. तुम्ही अश्रूंचा तराजू केलाय. एका पारड्यात बाबा, एका पारड्यात पिकार्ड, आणि पिकार्डचं पारडं खाली गेलं म्हणून तुम्ही स्वतःला दोषी धरलंय. पण बाबा गेले त्या आठवड्यात तुम्ही काय काय केलंत ते तुम्हीच लिहिलंय. रात्री अडीचला दवाखान्याच्या काउंटरवर उभ्या होतात, कार्ड चालेना म्हणून तीन नातेवाइकांना फोन करून पैसे जमवत होतात. आईची रक्तदाबाची गोळी चुकू नये म्हणून मोबाइलवर गजर लावला होतात. स्मशानातून परतल्यावर, पाहुणे येणार म्हणून दूधवाल्याला दोन लिटर जास्त सांगितलंत. हे वाचताना मला तुमचा हात धरावासा वाटला. त्या आठवड्यात तुम्ही रडत बसला असतात तर आईची गोळी कुणी दिली असती?

नेदरलँड्समधल्या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९९९ मध्ये एक मांडणी केली, ती मला फार पटते. त्यांचं म्हणणं असं की दुःखातला माणूस एका जागी थांबत नाही, तो दोन बाजूंना झुलत राहतो. कधी तो गेलेल्या माणसाकडे वळतो, कधी समोरच्या कामाकडे, मोडलेली घडी बसवण्याकडे. दोन्ही बाजू लागतात. तुम्हाला आठ-नऊ महिने एकाच बाजूला थांबावं लागलं. पेन्शनचं शेवटचं काम आषाढात झालं असं तुम्ही लिहिलंय. रडू आलं ते श्रावणात. मधे एक महिनासुद्धा गेलेला नाही.

म्हणून पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरळ देते: तुमच्यात काही बिघडलेलं नाही. रडणं उशिरा आलं, कारण त्याला आधी जागा नव्हती.

आता त्या दोन वाक्यांकडे येते.

पहिल्या पानावर तुम्ही लिहिलंय की वीज गेली तेव्हा पडद्यावरचा कॅप्टन म्हातारा झाला होता आणि जमीन मेली आहे असं काहीतरी बोलणं चाललं होतं. बाबांनी मेणबत्ती लावली आणि पुढची गोष्ट सांगितली. त्या माणसानं अंगणात विहीर खणायला घेतली, गाव हसलं, साठ फुटांवर पहार खडकावर आदळली आणि खालून पाण्याचा आवाज आला; त्याच रात्री पाऊसही आला, आणि तो नातवाला मांडीवर घेऊन पडवीत बासरी वाजवत बसला. तुमचं वाक्य असं आहे: "बाबांनी त्या ग्रहावर पाऊस पाडला."

शेवटच्या पानावर, कागदपत्रांविषयी लिहिताना, तुम्ही जाता जाता सांगितलंय की बाबांचा शाळा सोडल्याचा दाखला सापडला आणि त्यात एक वर्ष कमी भरत होतं. आईला विचारलंत तेव्हा ती म्हणाली, "बहात्तरच्या दुष्काळात ते खडी फोडायला जायचे." तेव्हा बाबा १६ वर्षांचे. याबद्दल ते तुमच्याशी कधी बोलले नव्हते.

ही दोन वाक्यं तुम्ही एकमेकांशेजारी ठेवून पाहिली आहेत का?

माण म्हणजे पावसानं कायम पाठ फिरवलेला मुलूख. १९७२ मध्ये तर साऱ्या महाराष्ट्रावरच ती वेळ आली होती. विहिरी तळाला गेल्या, जनावरं बाजारात मातीमोलानं गेली, लाखो माणसं दुष्काळी कामांवर पोटासाठी राबली. ज्यांनी ते दिवस काढले त्यांना परदेशातून आलेल्या तांबड्या मिलो ज्वारीच्या भाकरीची आणि कामावर वाटलेल्या सुकडीची चव अजून आठवते. ज्या मुलानं त्या वर्षी शाळेऐवजी खडी केंद्र पाहिलं, तो मोठा होऊन वीज मंडळात लागला, आणि वीस-बावीस वर्षांनी एका रात्री अंधारात लेकीशेजारी बसून भेगाळलेल्या ग्रहाची गोष्ट पुरी करायची पाळी त्याच्यावर आली. त्याला खरा शेवट माहीत नव्हता. त्यानं विहिरीला पाणी लावलं. कटानवरची माणसं हवेतून पाणी काढायच्या गोष्टी करत होती, बाबांनी मात्र पहार घेतली. साठ फूट ही खोली त्यांनी कुठून आणली असेल?

मी हे खात्रीनं सांगू शकत नाही. बाबांना विचारायची वेळ निघून गेली आहे. तरी मला वाटतं, त्या रात्री ते स्वतःच्या गावाचा शेवट बदलून तुम्हाला देत होते. आणि श्रावणात तुम्ही खरा शेवट पाहिलात तेव्हा तुमच्या पुढ्यात पहिल्यांदा आलं की पाऊस आलाच नव्हता. तो बाबांनी दिला होता. इतकी वर्षं तो मालिकेतला समजून तुम्ही जपला होतात. तुम्ही रात्रभर कुणासाठी रडलात, हा प्रश्न मला तरी आता उरलेला दिसत नाही.

खऱ्या शेवटात काय होतं ते तुम्ही पाहिलंच आहे. म्हाताऱ्या कामिनला लेक अंगणात घेऊन येते, आकाशात एक यान सोडायचंय म्हणून. मग त्याला उमगतं की हेच ते यंत्र, आणि त्याला भेटणारा माणूस म्हणजे आपणच. मेलेली बायको तरुण होऊन समोर येते आणि सांगते की आम्ही जाऊन हजार वर्षं झाली, आम्ही कसे जगलो ते तू लक्षात ठेव. पिकार्ड यानावर जागा होतो तेव्हा जेमतेम २५ मिनिटं झालेली असतात. त्या यंत्रात एक पेटी सापडते, पेटीत बासरी. आख्खा ग्रह गेला, आणि एका माणसाच्या बोटांत एक सूर राहिला. ती बासरी २००६ मध्ये न्यूयॉर्कला लिलावात निघाली. अंदाजापेक्षा कितीतरी पट अधिक, ४० हजार डॉलरच्या वर रक्कम मोजून कुणीतरी ती घेतली. चित्रीकरणासाठी बनवलेली, न वाजणारी बासरी! घेणाऱ्याला ती वाजणार नाही हे ठाऊक होतं. मला त्या माणसाचं अजिबात नवल वाटत नाही.

आता भावाविषयी. माफी मागू का, असं तुम्ही विचारताय. त्यामागे तुम्ही धरून चाललाय की भावानं तुमच्यावर आरोप केला. मला त्याचं वाक्य वेगळं ऐकू येतं. तो सात वर्षांनी लहान. त्या दिवशी तो आईच्या मांडीत डोकं खुपसून रडत होता आणि त्याची ताई फोनवर बोलत होती. त्याला ताई हवी होती. बाप गेलाय आणि आपण एकटेच रडतोय, असं त्याला वाटलं असेल. 'तुझ्या डोळ्यांत पाणी नव्हतं' याचा अर्थ 'तू माझ्याजवळ नव्हतीस' असाही होतो. आणखी एक, मेणबत्तीच्या त्या रात्री तो सहा-सात वर्षांचा होता, तुम्हीच लिहिलंय की तो झोपलेला असायचा. म्हणजे गोष्ट सांगणारे बाबा तुमच्या वाट्याला आले, त्याच्या आले नाहीत. गणपतीत तो किस्सा ऐकताना तो का हसला नसेल, याचा या बाजूनंही विचार करून बघा.

तुमच्यापुढे तीन वाटा दिसतात. एक, काहीच न बोलता वर्षश्राद्ध पार पाडायचं. तसं पुष्कळ घरांत होतं, वर्षानुवर्षं होतं, आणि ती सल मग प्रत्येक सणाला थोडी थोडी टोचत राहते. दुसरी, माफी मागायची. पण ज्यात तुमची चूक नाही त्याची माफी मागितलीत तर तोही अवघडेल आणि 'ताई रडली नाही' हे दोघांच्या मनात कायमचं पक्कं होईल. तिसरी वाट मला बरी वाटते: त्याला बाबांचा शेवट सांगा. खुलासा म्हणून नको, 'बघ, मी का रडले' अशी सुरुवातही नको. जेवणं उरकून पाहुणे गेले की त्याच्याजवळ बसा आणि 'बाबा एक गोष्ट सांगायचे' एवढ्यावर सुरू करा. विहीर, साठ फूट, पहार, पाऊस. दाखल्यातल्या कमी भरलेल्या वर्षाचंही सांगा, त्याला ते माहीत नसेल. वाटलं तर मग तो भाग त्याच्याबरोबर लावा, पाऊण तासाचा आहे. क्रम मात्र हाच ठेवा, आधी बाबांचा शेवट, मग खरा.

तो भाग बघून त्याला काहीच वाटणार नाही, हेही होऊ शकतं. तो मधेच मोबाइल काढेल. तसं झालं तर वाईट वाटून घेऊ नका. त्याची बाबांची आठवण दुसरीकडे कुठेतरी असेल, क्रिकेटच्या समालोचनात किंवा लुनाच्या मागच्या सीटवर. ती त्याला विचारा आणि ऐकून घ्या.

नवऱ्याशी मात्र स्पष्ट बोला, आणि वर्षश्राद्धाच्या आधी बोला. त्यांच्या मनात वाईट नसेल, पहाटे बायकोला रडताना पाहून ते घाबरले असतील आणि त्याचा किस्सा करून मोकळे झाले असतील. तरी चारचौघांत तो सांगणं चुकलं, आणि हे त्यांना तुमच्या तोंडून कळलं पाहिजे. दोन वाक्यं पुरतात: "त्या रात्री मला बाबा आठवले होते. त्यावर हसू नका." पुढे समजावत बसू नका.

राहिला वयाचा प्रश्न. ४४ व्या वर्षी अंतराळाच्या मालिकेत जीव अडकणं पोरकट आहे, असं तुम्हाला कुणी शिकवलं? १९६७-६८ च्या हिवाळ्यात मूळ मालिका बंद होणार अशी कुणकुण लागली तेव्हा तिच्या चाहत्यांनी वाहिनीकडे पत्रांचा ढीग लावला. त्यांत नोकरदार होते, गृहिणी होत्या, शास्त्रज्ञही होते. १ मार्च १९६८ ला वाहिनीला भाग संपल्यावर जाहीर करावं लागलं की मालिका चालू राहील. त्याच मालिकेतल्या उहुरा या कृष्णवर्णीय स्त्री-अधिकाऱ्याला बघत शिकागोत वाढलेली मे जेमिसन १९९२ च्या सप्टेंबरमध्ये अंतराळात गेली, ती तिथं पोचलेली पहिली कृष्णवर्णीय स्त्री. ती यानात आपल्या कामाच्या पाळीची सुरुवात उहुराच्याच एका वाक्यानं करायची. पुढच्या वर्षी ती 'नेक्स्ट जनरेशन'च्या एका भागात छोट्या भूमिकेत आली. या माणसांना कुणी वेडं म्हणालं असेलही. त्यांनी मालिका सोडली नाही.

तेव्हा बंद केलेली मालिका पुन्हा लावा. रोज लावायची गरज नाही. ज्या भागांचे शेवट बाबांनी सांगितले होते ते एकदम संपवू नका, महिन्याला एखादा पुरे. पुढच्या काही रात्री रडू येईल, काही रात्री तुम्ही बाबांच्या चुकलेल्या अंदाजावर खळखळून हसाल. बघायच्या आधी एका वहीत बाबांचा शेवट लिहून ठेवा. हे मी आग्रहानं सांगतेय, कारण खरा शेवट पाहिला की जुना पुसट होत जातो, आणि बाबांचे शेवट दुसरीकडे कुठेही नोंदलेले नाहीत.

मुलगा 'पुठ्ठ्याचं अंतराळ' म्हणतो ते मनाला लावून घेऊ नका. १५ वर्षांच्या मुलाला पुठ्ठा दिसणारच. त्याला पुठ्ठ्याचीच गोष्ट सांगा. माणसं चकचकत विरघळून ग्रहावर उतरतात ना, ती युक्ती मूळ मालिकेत निघाली, कारण दर आठवड्याला यान जमिनीवर उतरवून दाखवायला पैसे नव्हते. तो चकचकाट करायला ॲल्युमिनियमचा चुरा उजेडात खाली सोडून चित्रित केला होता. पैसे कमी पडले आणि विज्ञानकथेतली एक अजरामर कल्पना जन्माला आली, हे ऐकून त्याचे कान टवकारतील असं मला वाटतं. नाहीच टवकारले तर राहू दे. त्याला बाबांचा, म्हणजे त्याच्या आजोबांचा, विहिरीचा शेवट सांगा. तो मालिकेवर अवलंबून नाही.

अशा तऱ्हेची पत्रं मला अधूनमधून येतात, म्हणून बाकीच्यांसाठीही थोडं लिहिते. कुणी लाडक्या पात्राच्या मरणानं आठवडाभर उदास असतं, कुणी आवडत्या मालिकेचा नवा अवतार बघून चिडलेलं असतं, 'आमचा कॅप्टन असा वागणारच नाही' म्हणून. दोघांनीही आधी स्वतःला एक विचारावं: ही मालिका मी पहिल्यांदा कुठे पाहिली आणि शेजारी कोण होतं? बहुतेक वेळा दुखरी जागा तिथं सापडते. राग आलेल्यांनी नवीन मालिका बघितलीच पाहिजे असं नाही. ती बघून कुणाला आनंद होत असेल तर त्याच्याशी भांडूही नये, त्याच्या शेजारीही कुणीतरी बसलेलं असेल. आणि घरात कुणी पडद्याकडे बघत रडत असेल तर हसण्याआधी पाण्याचा ग्लास नेऊन द्यावा.

एक गोष्ट मात्र काळजीनं सांगते. वर्ष उलटल्यावरही रोजचे दिवस जड जात असतील, झोप आणि भूक मोडली असेल, कामात मन लागत नसेल, जगण्यात अर्थ नाही असं वाटत असेल, तर एकट्यानं सोसू नका. 'टेली मानस' या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक फुकट आहे, चोवीस तास चालतो, मराठीतही बोलता येतं. तुमच्या पत्रात मला तशी लक्षणं दिसली नाहीत. तुम्ही झोपताय, जेवताय, ऑफिसला जाताय, इतकं नेटकं पत्र लिहिताय. तरी पुढे कधी वाटलं तर हा क्रमांक लक्षात असू द्या.

वर्षश्राद्धाच्या आदल्या दिवशी तुम्ही कराडला पोचाल. भाऊ आला की त्याला आधी एक विचाराल का? मेणबत्ती चिकटवायला बाबा कोणत्या डब्याचं झाकण घ्यायचे? तुम्हाला ते आठवत नाही असं तुम्ही लिहिलंय. तो झोपलेला असायचा हे खरं, पण सकाळी झाकणावरचं वाळलेलं मेण खरवडायला लहान मुलांनाच आवडतं. त्याला माहीत असेल.

तुमची,
सदरलेखिका